चाचणीविना चांगभलं

रस्टमध्ये नवी लायब्ररी सुरू केली की कार्गो आपणहून एक चाचणी लिहून देतो: दोन अधिक दोन चार येतात का? ती पुसून स्वतःच्या चाचण्या लिहीत बसणाऱ्यांची मला मनापासून काळजी वाटते. अहो, आयतं मिळालंय ते पदरात घ्या! 'कार्गो टेस्ट' म्हणा. हिरवं 'ओके' उमटतं. एक उत्तीर्ण, शून्य नापास. शंभर टक्के निकाल लागल्यावर आणखी पेपर कशाला काढायचे?

चाचणी लिहिणं अवघड नाही, हाच खरा धोका. फंक्शनच्या डोक्यावर 'टेस्ट' लिहायचं, आत असर्टला दोन किमती द्यायच्या: आलेली आणि हवी असलेली. म्हणजे काय हवंय ते आधी ठरवणं आलं. एकदा ते ठरलं की प्रोग्रामचा मोकळेपणा संपला.

बिलातून सवलत वजा करणारं साधं फंक्शन घ्या. रकमा यू३२ प्रकारच्या, म्हणजे ऋण संख्येला जागाच नाही. चाचणीवाला मुद्दाम विचारणार: बिल १०० आणि सवलत १५० असेल तर? कार्गो टेस्ट एरवी डीबग बिल्डवर चालते, त्यामुळे तिथे लगेच पॅनिक आणि लाल अक्षरं. रिलीज बिल्ड मात्र, मूळ सेटिंग न बदलता, चकार शब्द न काढता उत्तर देते: ४,२९,४९,६७,२४६. पन्नास रुपयांचा तोटा बघता बघता चारशे एकोणतीस कोटींवर गेला. असं औदार्य चाचणीने मारून टाकायचं?

मोठ्या माणसांचा कित्ता गिरवावा. युरोपच्या एरियन-५ रॉकेटने एरियन-४ चा दिशादर्शक कोड विश्वासाने तसाच घेतला. नव्या उड्डाणमार्गाचे आकडे त्या यंत्रणेला आधी देऊन पाहण्याचा संशयीपणा कुणी केला नाही. ४ जून १९९६ रोजी ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत मावली नाही, आणि उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत सगळ्या शंका फिटल्या. चार उपग्रहही सोबत गेले. चाचणी लिहायला याहून कितीतरी जास्त वेळ लागला असता.

तरीही एखाद्या सहकाऱ्याने हौसेने चाचण्या लिहून ठेवल्या आणि त्यातली एक लाल होऊ लागली, तर घाबरू नये. रस्टने सोय केलेली आहे. तिच्या डोक्यावर 'इग्नोर' लिहावं. निकालात तिची वेगळी नोंद होते, आणि 'ओके' हिरवंच राहतं.