दौलताबाद, आवृत्ती दुसरी

सी भाषेत ऑब्जेक्ट जन्मजात नसतो. स्ट्रक्चरच्या पोटात पहिल्या जागी बापाचं स्ट्रक्चर बसवायचं, पॉइंटर कास्ट करायचा, की झाला वारस! २००२ साली जीटीके २.० या ग्राफिक टूलकिटने आपला सगळा संसार याच पद्धतीच्या जीऑब्जेक्ट प्रणालीवर हलवला. आमच्या चिकलठाण्यातल्या मित्रालाही आता चालता कोड असाच हलवायचाय. कारण? नवी पद्धत ‘सुबक’ आहे म्हणे.

म्हटलं, गाडी काढ, दौलताबाद बघून येऊ. १३२७ मध्ये महंमद बिन तुघलकानं राजधानी अशीच इथं हलवली. देवगिरीचं नाव बदलून दौलताबाद केलं, दिल्लीची माणसं पायपीट करत आणली आणि काही वर्षांतच सगळा बाडबिस्तरा परत दिल्लीला. बदल मागे फिरवायला बिचाऱ्याकडे गिट नव्हतं.

मित्र म्हणाला, “आमच्याकडे गिट आहे रे. टेस्ट तेवढ्या नाहीत.”