गोषवारा

आमच्या शाहूवाडी तालुक्यातल्या आंबा गावाला 2019 साली स्वतःच्या नावाची पाल मिळाली. निमॅस्पिस आंबा. बोटाएवढी, दिवसाउजेडी हिंडणारी. घाटातली माणसं तिला पिढ्यान्‌पिढ्या बघत आली असणार. पण ती इतरांहून वेगळी आहे हे ठरलं ते तिचे खवले मोजून, आणि पेशीतल्या एनडी-2 नावाच्या जनुकाची अक्षरं तिच्या नात्यातल्या पालींच्या अक्षरांशी ताडून. तो शोधनिबंध मी तिकडच्या एका ओळखीच्या हॉटेलवाल्याला चहा पिता पिता दाखवला. त्यानं पानं वरखाली सरकवली आणि विचारलं, "गुरुजी, एवढ्यात नेमकं हाय काय?"

"तुमच्या गावची पाल वेगळी आहे."

"मग हे एका ओळीत मावतंय की!"

मावतं, हीच तर पंचाईत आहे.

निवृत्तीनंतर लोक देवदर्शनाला निघतात. मी आनुवंशिकीचे शोधनिबंध वाचायला लागलो आणि मराठीत त्यांचा गोषवारा लिहून ठेवायला लागलो. आमच्याकडचा पाऊस या नादाला फार सोयीचा. एकदा धरला की धरला. बाहेर पडायचं नाव नको. लाईट गेली तरी मोबाइलवर उतरवून ठेवलेला निबंध वाचता येतो, बॅटरी आहे तोवर. घरातल्यांचं मत असं, की गुरुजी नोकरीत असताना इतके कधी वाचत नव्हते. ते खरं आहे.

शोधनिबंध हा भिडस्त प्राणी आहे. आत प्रत्येक विधान 'असे दिसते', 'असे सूचित होते' म्हणत बिचकत पावलं टाकतं. वरच्या सारांशात त्याला थोडा धीर येतो. विद्यापीठाच्या प्रसिद्धिपत्रकात तो छाती काढून उभा राहतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पोचेपर्यंत त्यानं कॅन्सर बरा केलेला असतो. 1953 साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना सांगितली ती जेमतेम पानभरात. हा रेणू स्वतःची नक्कल कशी करत असेल, ही खरी मोठी गोष्ट त्यांनी शेवटाकडे एका वाक्यात, कानात सांगावी तशी सांगितली. आजच्या प्रसिद्धिपत्रकवाल्यानं त्याचं शीर्षक केलं असतं.

गोषवारा लिहिणाऱ्याचा खरा प्रश्न काय घ्यायचं हा नसतोच. काय गाळायचं हा असतो. आणि या कामात आपली पेशी आपल्याहून फार जुनी कारकून आहे. 1977 साली कळलं, की प्राण्यांच्या जनुकांत कामाचा मजकूर सलग नसतो. मधेमधे बिनकामाचे वाटणारे तुकडे असतात. पेशी आधी सगळ्याची आरएनएवर नक्कल उतरवते, मग ते तुकडे कापून फेकते आणि उरलेलं सांधते. या शोधाबद्दल रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांना 1993 चं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे एकाच जनुकाचा गोषवारा पेशी निरनिराळ्या प्रकारे काढू शकते. फळमाशीच्या डीस्कॅम या एका जनुकातून 38,016 वेगवेगळे गोषवारे निघू शकतात. माझ्याकडून एका निबंधाचा एक धड निघताना मारामार.

पण फेकायच्या मजकुराला बिनकामाचा म्हणताना जपावं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात दोन फेकायचे तुकडे आहेत. त्यातल्या पहिल्याचं पाचवं अक्षर 'जी' असतं. तिथं 'सी' आलं, की कात्री कुठं चालवायची याचा पेशीचा अंदाज चुकतो. ती भलतीकडे कापते आणि साखळी नीट बनत नाही. असं जनुक आईकडून आणि वडलांकडून, दोघांकडून आलं, तर त्या लेकराला थॅलेसेमिया होतो आणि जन्मभर रक्त चढवत राहावं लागतं. भारतात बीटा थॅलेसेमियाच्या मुळाशी सगळ्यांत जास्त वेळा सापडणारा बदल हाच. एक अक्षर, आणि तेही कापून टाकायच्या भागातलं! हे वाचल्यापासून मी 'साहित्य व पद्धती' हे प्रकरण ओलांडून पुढं जायचं सोडलं. पुरवणी तक्तेसुद्धा उघडतो.

तिथं तर करमणूकच असते. माणसाच्या काही जनुकांची नावं 'सेप्ट 2', 'मार्च 1' अशी होती. शास्त्रज्ञ यादी एक्सेलमध्ये भरायचे आणि एक्सेल अदबीनं त्यांच्या तारखा करून ठेवायचं: 2 सप्टेंबर, 1 मार्च. 2016 साली तपासणी झाली तेव्हा एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या निबंधांपैकी पाचातल्या एकात असा घोळ निघाला. आमच्या पिढीला यात नवल वाटायचं कारण नाही. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली, की गुरुजी 1 जून टाकून मोकळे व्हायचे; अजून निम्म्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. फरक इतकाच, की आम्ही जन्मतारीख तशीच ठेवली. शास्त्रज्ञांनी मात्र एक्सेलपुढं हात टेकले आणि 2020 मध्ये जनुकांचंच नव्यानं बारसं केलं. सेप्ट 2 चं सेप्टिन 2 झालं.

आमच्या शेजारच्या आबांना यातलं काही नको असतं. त्यांना भात कळतो. मे 2025 मध्ये केंद्र सरकारनं जनुक संपादन केलेले भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यातला हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचा 'कमला' सांबा मसुरीपासून केलेला. बातमी ऐकून आबा छत्री मिटत ओट्यावर आले.

मी सांगायला लागलो. रोपात लोंबीला दाणे धरायला लावणारं एक संप्रेरक असतं, आणि ते मोडून टाकणाऱ्या विकराचंही एक जनुक असतं. हे जनुक मंदावलं की दाणे वाढतात, हे जपानी शास्त्रज्ञांनी 2005 मध्येच दाखवलं होतं. तेच आता आपल्याकडं संपादित केलंय. मूळ वाणापेक्षा उत्पन्न सुमारे 19 टक्के जास्त आणि पीक वीसेक दिवस आधी तयार, असं संस्थेचं म्हणणं आहे. पण त्यांच्या चाचण्यांवर काही जणांनी आक्षेप घेतलेत, शिवाय आपल्या पावसात, आपल्या जमिनीत...

"गुरुजी, पिकंल का न्हाई येवढं सांगा."

"पिकू शकेल, असं दिसतं."

"म्हंजी पिकंल."

"तसं नाही आबा. 'शकेल' म्हणालो मी."

"ऱ्हाऊ द्या, कळलं," म्हणत आबांनी छत्री उघडली आणि ते दूध घालायला डेअरीकडं निघाले. तासाभरानं वरच्या आळीतला एक पोरगा सायकल दारात टेकवून आत डोकावला.

"गुरुजी, कमलाचं बी तुमच्याकडं आलंय म्हणं. आमच्या दोन पिशव्या बाजूला ठेवा."