आळसाचा बाजारभाव

नवा ब्राउझर येण्याचा मोसम हल्ली बारमाही झाला आहे. 2025 च्या जुलैत पर्प्लेक्सिटीचा कॉमेट आला, ऑक्टोबरात ओपनएआयचा ॲटलास आला. हे दोघे म्हणे आपल्या वतीने पानं वाचणार, तिकिटं शोधणार, मेलची उत्तरं लिहिणार. इंटरनेटवर वेळ घालवणं एवढं एकच काम आपल्याकडे उरलं होतं, तेही गेलं. तरीही आमच्या परिचयातल्या मॅकवाल्यांनी दोन्ही उतरवून घेतले आणि बाकीच्यांनी मिळेल तो एक, कारण फुकट होते. फुकटच्या वस्तूला गरजेचा दाखला लागत नाही.

अशा प्रत्येक ब्राउझरच्या जाहिरातीत चार विशेषणं ठरलेली असतात: वेगवान, सुरक्षित, खासगी आणि तुम्हाला हवा तसा. पहिल्या तिघांची शहानिशा करणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नाही. चौथं मात्र त्याच्या हातात दिलेलं असतं, म्हणून तो सगळी हौस तिथे भागवून घेतो.

आमच्या सोसायटीतले एक निवृत्त काका सध्या या हौसेत आहेत. नवा ब्राउझर बसवल्या संध्याकाळी त्यांनी आधी मागे विठोबाचं चित्र लावलं. मग डार्क मोड केला. त्यात बँकेच्या पानावरची बाकी दिसेना, म्हणून पुन्हा लाइट केला. अक्षरं मोठी केली, ती इतकी मोठी की 'लॉगिन' बटण पडद्याबाहेर गेलं. टॅब वरून काढून डावीकडे उभे लावले. बुकमार्कच्या पट्टीवर पंचांग, रेल्वे आणि भाचीच्या लग्नाचा अल्बम अशी मांडामांड केली. काकूंनी आतून तिसऱ्यांदा विचारलं, "अहो, पानं वाढलीत, येताय ना?" काका म्हणाले, "आलोच गं, थीम बसतेय."

थीम बसली. मग त्यांनी पहिला शोध घेतला तो कंपनीने दिलेल्या खिडकीत, कंपनीने ठरवलेल्या सर्च इंजिनावर. विठोबाला हात लावला, टॅबना हात लावला, त्या एका सेटिंगला नाही. हे तसंच व्हावं अशी व्यवस्था असते, आणि ती किती मोलाची असते ते पुढे येईलच.

आता बॉनेट उघडून बघू. दुनियेत ब्राउझरची नावं पन्नास असतील, पण पान उघडून दाखवणारी चलनातली मोठी इंजिनं तीनच: गूगलचं ब्लिंक, ॲपलचं वेबकिट आणि मोझिलाचं गेको. ऑपेरा 2013 साली स्वतःचं इंजिन सोडून गूगलच्या क्रोमियमवर, म्हणजे ब्लिंकच्याच घरात, गेला. मायक्रोसॉफ्टचा एज जानेवारी 2020 मध्ये त्याच वाटेने गेला. ब्रेव्ह, विवाल्डी, कॉमेट, ॲटलास सगळे त्यावरच. फूड ॲपवर आठ हॉटेलांची आठ नावं दिसतात आणि सगळ्यांची भाजी एकाच पत्र्याच्या शेडमधून येते, तसला हा प्रकार. आयफोनवर तर त्याहून गंमत. युरोपसारख्या ठिकाणी कायद्याने काढलेली सूट सोडली, तर तिथला क्रोमही आतून ॲपलचं वेबकिटच चालवत आला आहे. दुसऱ्याच्या घरात राहायचं तर त्याच्या चुलीवर शिजवावं लागतं.

देशी ब्राउझरची हाकही आपण ऐकली. केंद्र सरकारने ऑगस्ट 2023 मध्ये भारतीय वेब ब्राउझरची स्पर्धा जाहीर केली, आणि मार्च 2025 मध्ये झोहोला पहिलं बक्षीस म्हणून एक कोटी रुपये दिले. झोहोचा उला हा ब्राउझर चांगला आहे, आणि तोही क्रोमियमवर आहे. स्वदेशीचा कपडा, सूत मात्र कॅलिफोर्नियाचं.

यांच्या ओळखीचंही तसंच. प्रत्येक ब्राउझर वेबसाइटच्या दारात गेल्यावर आपलं नाव सांगतो. क्रोम काय सांगतो? मी मोझिला आहे, ॲपलवेबकिट आहे, केएचटीएमएल आहे, गेकोसारखा आहे, क्रोम आहे आणि शेवटी सफारीही आहे. ही थट्टा नाही, ती ओळ खरोखर अशीच असते. नव्वदीच्या दशकात काही साइट्स चांगलं पान फक्त मोझिला म्हणवणाऱ्या नेटस्केपला देत, म्हणून इंटरनेट एक्सप्लोररही दारात मोझिला म्हणवू लागला. पुढच्या प्रत्येकाने आधीच्यांची नावं आपल्यापुढे लावून घेतली. विवाल्डीला काही साइट्स दारातूनच परत पाठवत, म्हणून डिसेंबर 2019 पासून त्याने बहुतेक ठिकाणी स्वतःचं नाव सांगणंच सोडलं आणि तो क्रोम म्हणून वावरू लागला. आधार कार्डाची सक्ती फक्त माणसांना असते.

आता बिघाडाकडे वळू. ब्राउझर अडला की मदतकेंद्राचा उपचार ठरलेला असतो. कॅश साफ करा. कुकीज काढा. एक्स्टेन्शन्स बंद करा. इनकॉग्निटोमध्ये उघडून बघा. दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा. रिस्टार्ट करा. या पायऱ्या चुकीच्या नाहीत, बऱ्याचदा लागूही पडतात. पण क्रम असा बेतलेला असतो की शेवटच्या पायरीला पोचेपर्यंत तक्रार करणाऱ्याचा उत्साह आणि सगळीकडची लॉगिन्स दोन्ही साफ झालेली असतात.

काकांच्या जुन्या डेस्कटॉपवर नव्या ब्राउझरमध्ये एके सकाळी काहीच उघडेना. बँक नाही, मेल नाही, वर्तमानपत्रही नाही. प्रत्येक पानावर लाल त्रिकोण आणि खाली इशारा: हे कनेक्शन खासगी नाही. काकांनी मदतकेंद्राला फोन लावला.

"सर, कॅश क्लिअर केली का?"

"केली."

"ब्राउझर अनइन्स्टॉल करून परत टाका, सर."

"दोनदा टाकला हो. आता विठोबाही गेला."

"सर, मग वायफायचा प्रॉब्लेम असेल, तुमच्या कंपनीला विचारा."

शेवटी तळमजल्यावरचा अकरावीतला मुलगा आला. त्याने पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं आणि विचारलं, "काका, तुमच्या कॉम्प्युटरवर 2009 साल कसं काय चालू आहे?" मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला होता. वीज गेली की घड्याळ मागे जाऊन बसायचं. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं, आणि 2009 सालात बसलेल्या कॉम्प्युटरच्या दृष्टीने आजचं एकही प्रमाणपत्र अजून जन्मलेलं नसतं. म्हणून त्याने सगळ्या जगाला तोतया ठरवलं. मुलाने सेल बदलला, तारीख लावली, सगळं उघडलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय. विशेष म्हणजे तुमचं घड्याळ चुकलं आहे असं ब्राउझर अनेकदा स्वतःच सांगतो. पण लाल त्रिकोण दिसल्यावर पुढचं इंग्रजी वाचायला थांबतो कोण?

दुसरा नेहमीचा आजार पडद्याच्या कोपऱ्यातला. दर दहा मिनिटांनी टुणकन खिडकी उगवते: तुमच्या संगणकात व्हायरस आहे. खरं तर संगणकात व्हायरस नसतो. कुठल्या तरी साइटने 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा' असं सांगितलेलं असतं आणि आपण माणूस असल्याचा पुरावा म्हणून ते दाबलेलं असतं. रोबोने नसतं दाबलं. उपाय साधा आहे: सेटिंग्जमध्ये जाऊन साइट सेटिंग्ज, तिथे नोटिफिकेशन्स, आणि यादीतली अनोळखी नावं काढून टाकायची. पण हा उपाय त्याच घरात आहे जिथे थीम, वॉलपेपर आणि रंगांचे चौदा खण आहेत, आणि त्यांच्या मागच्या खोलीत आहे.

सरकारी पोर्टलांचं दुखणं निराळं. तिथे नवा ब्राउझर नेला की नव्या सुनेसारखी परीक्षा असते. पॉप-अप चालू ठेवा, बॅक दाबू नका, रिफ्रेश करू नका, आणि डिजिटल सहीसाठी अमुक सॉफ्टवेअर मागे चालू आहे ना ते बघा. सेतू केंद्रातला अनुभवी मुलगा म्हणूनच एक जुना ब्राउझर जपून ठेवतो. इंटरनेट एक्सप्लोरर 15 जून 2022 रोजी अधिकृतपणे निवृत्त झाला. दक्षिण कोरियात, जिथे सरकारी आणि बँकांच्या साइट्स वर्षानुवर्षं त्याच्यावाचून हलत नसत, एकाने त्याचं थडगंही बांधलं. दुसरे ब्राउझर डाउनलोड करायला हे साधन चांगलं होतं, असा त्यावरच्या मजकुराचा आशय. पण एजच्या पोटात त्याचा 'आयई मोड' अजून आहे, आणि निदान 2029 पर्यंत तो ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. निवृत्तीनंतर कंत्राटी पद्धतीवर परत घेण्याची प्रथा केवळ आपल्याच खात्यांत नाही, हे वाचून बरं वाटलं.

'खासगी' या विशेषणाचं काय झालं तेही सांगायला हवं. क्रोमचा इनकॉग्निटो मोड काळी टोपी आणि चष्मा घालून येतो, त्यामुळे आपण अदृश्य झालो असं वाटतं. त्यावरून 2020 मध्ये अमेरिकेत गूगलवर खटला झाला. 2024 मध्ये तडजोड झाली आणि कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचं मान्य केलं. आता त्या पानावरची सूचना अधिक स्पष्ट आहे: साइट्स आणि गूगलही तुमची माहिती गोळा करतात, त्यात यामुळे फरक पडत नाही. म्हणजे टोपी आणि चष्मा आहे तो फक्त घरच्यांपासून तोंड लपवायला.

आणि जाहिराती बंद करणं? त्याचीही सोय होती. यूब्लॉक ओरिजिन नावाचं गुणी एक्स्टेन्शन क्रोमवर हे काम चोख करी. गूगलने एक्स्टेन्शन्सचे नियम बदलले आणि 2024 पासून क्रोममध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद केलं. कारण सुरक्षेचं आणि वेगाचं दिलं. जाहिरातींवर पोट असलेल्या कंपनीच्या ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं यंत्रच नेमकं असुरक्षित निघावं, हा योगायोग आम्ही पत्रिकेवर सोडतो. फायरफॉक्सवर ते अजून चालतं.

तुम्हाला हवा तसा करून घ्या, हे वचन ऐकलं की आम्हाला जुने दिवस आठवतात. तेव्हा मराठी वाचकाला ब्राउझर स्वतःला हवा तसा केल्याशिवाय मराठी दिसतच नसे. प्रत्येक वर्तमानपत्राचा फॉन्ट वेगळा, तो आधी उतरवायचा. नाही उतरवला तर अग्रलेखाच्या जागी इंग्रजी अक्षरांची उसळ. विंडोज एक्सपीवर भाषांच्या खणात जाऊन एक खूण करावी लागे, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराशी संसार थाटे. हे सगळं करणारे किती होते? मूठभर. बाकीच्यांनी इंटरनेटवर मराठी नसतंच असं ठरवून टाकलं होतं. मराठी सर्वांना दिसू लागली ती लोक सेटिंग बदलायला शिकले म्हणून नव्हे. युनिकोड आणि देवनागरीचे फॉन्ट यंत्रासोबत मुळातच येऊ लागले म्हणून. कारखान्यातून जे सेटिंग येतं तेच लोकांचं सेटिंग, हा नियम तेव्हाही होता. फरक इतकाच की तेव्हा तो आपल्या भल्याचा निघाला.

कंपन्यांना हा नियम आपल्याआधी कळला. युरोपियन आयोगाने मायक्रोसॉफ्टला भाग पाडलं आणि 2010 पासून विंडोजवर 'कुठला ब्राउझर हवा' असा निवडीचा पडदा आला. नंतर एका अपडेटनंतर लाखो यंत्रांवरून तो पडदा नाहीसा झाला आणि तब्बल चौदा महिने दिसलाच नाही. कंपनीने तांत्रिक चूक झाल्याचं सांगितलं. 2013 मध्ये 56.1 कोटी युरोंचा दंड झाला. चूक तांत्रिक होती, दंड मात्र रोखीत होता.

याहून बोलका आकडा अमेरिकेतल्या गूगलवरच्याच दुसऱ्या, मक्तेदारीच्या खटल्यात बाहेर आला. ॲपलच्या सफारीत शोधाच्या चौकटीमागे गूगल असावं, एवढ्यासाठी गूगलने एकट्या 2022 सालात ॲपलला 20 अब्ज डॉलर दिले. न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट 2024 मध्ये शोधाच्या धंद्यात गूगलची बेकायदा मक्तेदारी असल्याचा निकाल दिला. पण सप्टेंबर 2025 मध्ये उपाय सांगताना क्रोम विकायला लावलं नाही, आणि अशी जागा मिळवायला पैसे मोजण्यावर सरसकट बंदीही घातली नाही.

विचार करा. ते सर्च इंजिन बदलायला बंदी नव्हती, कुलूप नव्हतं, पासवर्ड नव्हता. सेटिंग्ज, सर्च, यादी, निवड: चार टिचक्यांचं काम. माणसं त्या चार टिचक्या मारणार नाहीत एवढ्या एका खात्रीचा हा भाव आहे. आम्ही रंग निवडू, टॅब उभे-आडवे करू, विठोबा बसवू, आणि जिथे वर्षाला 20 अब्ज डॉलर पडतात त्या चौकटीला तेवढा हात लावणार नाही.

तेव्हा वाचकहो, नवा ब्राउझर जरूर घ्या. थीम बसवण्याआधी तीन खण उघडा: सर्च इंजिन, नोटिफिकेशन्स आणि एक्स्टेन्शन्स. हवं ते ठेवा, नको ते काढा, आणि मग खुशाल वॉलपेपर लावा. आणि आपल्या आळसाच्या त्या 20 अब्ज डॉलरमधला तुमचा वाटा खात्यात जमा झाल्याचा मेसेज आलाच, तर त्यातली लिंक उघडू नका. तो फ्रॉड आहे.