साडेतीनशेची तगर

"आपा, ओ आपा! जरा कण्हेरीपाशी या हो. दूध बंद करूनच आलेय मी."

"बोला भाभी. कोपऱ्यावरच्या बंगल्याचं ना? सकाळी ऑटोतून कुंडी उतरली तेव्हा मी पायरीवरच गहू निवडत होते."

"तेच! वहिनी गल्लीभर सांगत सुटल्यात, 'क्रेप जस्मिन' आणलंय म्हणून. साडेतीनशे मोजले! मग मी मुद्दाम वाटीभर साखर मागायला गेले. बघते तर काय, तगर!"

"अगं माय! चांदनी? माझ्या न्हाणीमागं आहे ती?"

"तीच. दुहेरी पाकळ्यांची."

"मग तिला जस्मिन कुणी केलं? जस्मिन म्हणजे आमची यासमीन, फारसीतली. माझ्या मावसबहिणीचं नाव आहे ते."

"म्हणजे तुमचा शब्द विलायतेत गेला आणि नर्सरीच्या चिठ्ठीवर बसून परत आला!"

"अन् बसला कुणाच्या मानेवर? तगरीचं पान तोडून बघा, पांढरा चीक येतो. जाईला येतो का? आमचे हे कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत होते, ते सांगायचे, तगर ही कण्हेरीच्या भावकीतली."

"ह्या कण्हेरीच्या? नात हिला ओलिएंडर म्हणते. कसं परीसारखं नाव!"

"परी कसली! उर्दूत कनेर म्हणतात, अन् जुन्या किताबांत खरजहरा. गाढवाचं जहर! म्हणून तर शेळ्या तोंड लावत नाहीत अन् आपलं कुंपण टिकतं."

"इंग्रजीचं मात्र नवल आहे हं. पांढरं आणि वासाचं दिसलं की जस्मिन. रातराणीसुद्धा नाइट जस्मिन!"

"ती तर वांग्या-बटाट्याच्या कुळातली."

"आणि जास्वंद? शू फ्लॉवर! पाकळ्या चोळून बूट चमकवायचे म्हणे. गणपतीच्या फुलाचं हे नाव!"

"आम्ही गुडहल म्हणतो. पण भाभी, इंग्रजीला किती हसाल? तुमचा चाफा घ्या. खुरचाफ्याला चीक, तोही कण्हेरीचाच भाऊबंद. हिरवा चाफा सीताफळाच्या घरचा. सोनचाफ्याचं घराणं तिसरंच. तरी सगळे चाफे!"

"खुरचाफ्याला तुम्ही काय म्हणता?"

"गुलचीन."

"हे बरंय. तुमच्याकडे गोंधळच नाही."

"नाही कसा? उर्दूत 'गुल' म्हणजे फूल. पुढं काहीही जोडा, चालतं!"

"बरं, वहिनींना सांगू का, ही तगर आहे म्हणून?"

"नका सांगू. साडेतीनशे गेलेत, निदान एक बहर तरी जस्मिन राहू द्या. मृगाचा पाऊस पडला की माझ्या चांदनीची फांदी नेऊन खोचा तुमच्याकडे. पटकन लागते."

"आणि वहिनी भिंतीवरून डोकावल्या, विचारलं हे कोणतं झाड, तर?"

"सांगा, क्रेप जस्मिन. आपाकडून आणलं, फुकट!"