पिल्लाला नाव शिकवण्याची माढा-पद्धत

पिल्लू घरी आणण्याआधी घरातल्या सर्व माणसांची बैठक बोलवावी. विषय एकच : नाव. ठराव होईपर्यंत पिल्लाला आईपासून तोडू नये. तसंही आठ आठवड्यांच्या आत तोडू नयेच. जन्मल्यावर पहिले दोन-अडीच आठवडे पिल्लाचे कान बंद असतात. पुढं आपल्या घरात काय काय ऐकावं लागणार आहे याचा विचार करता, निसर्गाने ही सोय जाणूनबुजून केली असावी.

बैठकीत पोरं ‘ब्रुनो’ म्हणतील, आबा ‘मोत्या’ म्हणतील, आजी खंडोबाचं म्हणून ‘वाघ्या’वर अडून बसेल. मतदान घ्यावं, ब्रुनो जिंकेल. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी त्याला वाघ्याच म्हणेल, आबा ‘आरं ए’ म्हणतील आणि दूधवाल्याच्या तोंडी ब्रुनोचा ब्रुन्या झालेला असेल. माढ्याच्या वेशीत आलेल्या कोणत्याही परदेशी नावाची यातून सुटका नाही. रॉकीचा रॉक्या होतो, प्रिन्सचा प्रिन्स्या. म्हणून मोत्या, खंड्या, टिप्या यांतलंच एखादं मुकाट्याने ठेवावं. आखूड आणि ठसठशीत नाव कुत्र्याला लवकर कळतं, हे प्रशिक्षक आता पैसे घेऊन सांगतात. आपल्या आज्यांनी ते फुकटात करून ठेवलं होतं.

पुढाऱ्याचं नाव मात्र देऊ नये. माढा लोकसभा मतदारसंघात पहिली निवडणूक २००९ साली झाली. २०२४पर्यंतच्या चार निवडणुकांत चार वेगळे खासदार निवडून आले. कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं. मधेच नाव बदलायची वेळ आली तर त्याला पक्षांतर कसं समजावून सांगणार?

एका नावाचा आग्रह धरण्याचं कारण आहे. मूळ विठ्ठलमूर्ती माढ्यात आहे की पंढरपुरात, यावर डॉ. रा. चिं. ढेरे यांनी माढ्याच्या बाजूने लिहिलं आणि बराच वाद झाला. देवाला त्याने फरक पडला नाही. एका नावाला दोन गावांत ओ देणं देवाला जमतं. एका घरात पाच नावांना ओ देणं पिल्लाला जमत नाही. अमेरिकेत चेझर नावाच्या कुत्रीने हजारावर खेळण्यांची नावं पाठ केली होती. तिचा मालक मानसशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक होता आणि त्याच्या घरात प्रत्येक खेळण्याला एकच नाव होतं. दुसरी बाब जास्त महत्त्वाची.

आता प्रत्यक्ष शिकवणी. पिल्लू भुकेलं असताना, टीव्ही बंद करून, हातात भाकरीचा चिमूटभर तुकडा घेऊन बसावं. नाव एकदा उच्चारावं. पिल्लाने पाहिलं की त्याच क्षणी तुकडा द्यावा. ‘बघा बघा, कळलं त्याला!’ असं घरभर सांगून आल्यावर दिला तर तो कशाबद्दल मिळाला हे त्याला उमगत नाही. पाच मिनिटांत थांबावं.

यातला ‘एकदा’ हा शब्द आपल्याकडे फार जड जातो. इथे हाक सुटी मिळत नाही. पहिली साधी, दुसरी लांबवलेली, तिसरीत ‘कुठं उलथलंय कुणास ठाऊक’ ही जोड. पिल्लू हुशार असतं. आपलं नाव ‘मोत्या-मोत्याऽऽ-कुठं-उलथलंय’ असं तीन मजली आहे हे ते शिकतं आणि तिसरा मजला बांधून झाल्याशिवाय जागचं हलत नाही. ‘यू यू’ करून बोलावणं ही आणखी एक पळवाट : तेवढ्या हाकेवर अख्ख्या गल्लीतली कुत्री दारात येतात, तुमचं सोडून. आणि दिवसभर ‘हाड’ ऐकणाऱ्या पिल्लाने ‘हाड’ हेच आपलं नाव मानलं, तर चूक त्याची नाही.

बक्षिसाबाबत दक्षता घ्यावी. शेंगाचटणी लावलेली भाकरी देऊ नये. द्राक्षं आणि बेदाणे तर अजिबात नकोत, आपल्या जिल्ह्यात ते कितीही पिकोत. कुत्र्याचं मूत्रपिंड त्याने निकामी होऊ शकतं. कांदा आणि चॉकलेटही वर्ज्य.

घरात जमलं की अंगणात, मग रस्त्यावर. शेवटची परीक्षा गळीत हंगामात घ्यावी : दोन ट्रॉल्या उसाचा ट्रॅक्टर दणदणीत गाणी लावून समोरून जात असताना हाक मारावी. पिल्लू आलं नाही तर रागावू नये. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मेरीलँड विद्यापीठाच्या अभ्यासात कुत्र्यांना गोंगाटातही आपलं नाव ओळखता आलं. गोंगाट हाकेपेक्षा मोठा झाल्यावर मात्र आलं नाही. आपल्याकडचा ट्रॅक्टर त्या अभ्यासात नव्हता.

हे सगळं फसलं तर एक पंढरपुरी पर्याय उरतो. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा संत नामदेवांनी त्याला हाक मारून परत बोलावलं नाही, तुपाची वाटी घेऊन स्वतःच त्याच्या मागे धावले, अशी कथा आहे. तालुक्यातली बहुतेक घरं शेवटी याच पद्धतीवर येतात, फक्त हातात तुपाऐवजी चप्पल असते. ती टाळावी. नाव घेऊन एकदा मारलं की महिनाभराची भाकरी पाण्यात.

तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचायला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावं, वर्षाने पुन्हा न्यावं. त्या दिवशी मात्र नावाने बोलावू नका. गुपचूप उचला आणि न्या.