पडवीत कर्नाटक, परसात महाराष्ट्र

निपाणी सोडून कोल्हापूरच्या वाटेला लागलं, की कोगनोळीच्या पुढे दूधगंगेचा पूल येतो आणि खिशातला फोन एकदा हलकेच थरथरतो. माणसाला काहीच कळलेलं नसतं. उसाचे फड तेच, ट्रॅक्टरमागे साचणारी वाहनांची रांग तीच, पाट्यांवरची गोलसर अक्षरं तेवढी शिरोरेषेला लटकू लागतात. फोनला मात्र सगळं कळतं. त्याने एका राज्याच्या मनोऱ्याचा हात सोडून दुसऱ्याचा धरलेला असतो आणि दर आठवड्याला बाजाराला येणाऱ्या माणसाचं तो, प्रथमच दिसल्यासारखं, नव्या मुलखात स्वागत करतो. रेषेला अगदी चिकटलेल्या गावांत तर त्याचे हाल विचारू नका. नकाशावरची रेघ रेडिओलहरींना वाचता येत नाही, त्या कुंपणावरून वाऱ्यासारख्या इकडून तिकडे जातात. मग पडवीत बसलं की कर्नाटक आणि परसात गेलं की महाराष्ट्र, असा प्रवास एखाद्या घरात हातातली चहाची कपबशी न सांडता होतो.

आज त्याचं हसू येतं, पण एकेकाळी या थरथरीला पैसे पडत. दूरसंचार खात्याने देशाची जी मंडळं पाडली, त्यांत गोवा महाराष्ट्राच्या पदरात पडला आणि बेळगाव-निपाणी कर्नाटकाच्या. त्यामुळे पणजीचा फोन कोल्हापुरात घरचा ठरे आणि हाकेच्या अंतरावरच्या निपाणीचा फोन परका. परक्याला रोमिंगचा दर, आणि तो दर नुसता बोलण्याला नव्हे, ऐकण्यालाही. आईने ‘पोचलास काय?’ विचारलं, तर त्या काळजीचा आकार मुलाच्या खात्यातून वजा व्हायचा. यातून आमच्या भागात मिस्ड कॉलचं एक शास्त्रच उभं राहिलं. एकदा वाजून बंद झाला तर पोचलो, दोनदा वाजला तर जेवून येतो, आणि वाजतच राहिला तर काहीतरी बरंवाईट आहे, पैशाकडे न बघता उचला. एवढ्या थोड्या आवाजात एवढं बोलणारी माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत. 15 जून 2015 पासून बीएसएनएलने रोमिंगमधला येणारा फोन फुकट केला, त्याच जुलैत नंबर न बदलता देशभर कुठेही जायची सोय झाली, पुढच्या वर्षी जिओ आलं आणि रोमिंगची भीती हळूहळू मावळली. पुण्याला नोकरीला गेलेली मुलं बेळगावचा नंबर मिरवत तिथेच संसार थाटू लागली. आता नंबरावरून माणूस कुठला आहे ते कळत नाही, फार तर तो कुठून निघाला होता एवढंच कळतं.

खरं म्हणजे या भागाचं जुळवून घेणं मोबाईलच्या पुष्कळ आधीचं. कोल्हापूरचा जुना एसटीडी क्रमांक 0231 आणि बेळगावचा 0831, दोघांत एका आकड्याचं अंतर. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण त्याचा चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. मोठ्या फोल्डरची नक्कल करताना एक लहानसा फोल्डर जुन्याच यंत्रात राहून जावा, तसं हे झालं. चंदगडच्या माणसाला ही विभागणी बहुधा पूर्ण उतरलेली नाही. कचेरीच्या कामाला तो कोल्हापूरकडे तोंड करतो, पण लुगडी, भांडी आणि दवाखाना म्हटलं की शिनोळीवरून बेळगाव गाठतो. निपाणीच्या काठावरचं अर्जुननगर तर याहून गमतीदार. तिथलं देवचंद कॉलेज महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यात, विद्यापीठ कोल्हापूरचं शिवाजी, आणि गाव निपाणी. पोरं कर्नाटकात जेवून महाराष्ट्रात तासाला बसतात आणि संध्याकाळी परत येतात, परराज्यात शिकून आल्याचा कसलाही भाव चेहऱ्यावर न आणता.

असल्या मुलखात राहिल्यामुळे असेल, मोबाईल कंपन्यांच्या लढाया मला कधी अनोळखी वाटल्या नाहीत. नोकियाचं साम्राज्य आमच्या डोळ्यांदेखत उतरलं. एकेकाळी साहेबांच्या कमरेला लटकलेला ब्लॅकबेरी 4 जानेवारी 2022 ला आपल्या जुन्या फोनांची सेवा आवरून निघून गेला. विंडोज फोन आला कधी आणि गेला कधी, हे बेळगावच्या खडेबाजारातल्या फोन दुरुस्तीवाल्यालाच ठाऊक. उरली दोन राज्यं, अ‍ॅपल आणि अँड्रॉइड. दोघांची भाषा राज्यकर्त्यांचीच आहे. आमच्या हद्दीत राहा, सारं सुरळीत चालेल. फोटो, पत्ते, वाढदिवस, टिपणं आपोआप जागच्या जागी येतील. पण पलीकडे जाल तर कागदपत्रं तुमची तुम्ही सांभाळा. स्वागताला अ‍ॅपल 5 जीबी जागा फुकट देतं, गूगल 15 जीबी. नातवंडाच्या पहिल्या वर्षाचे फोटो भरले, की दोघंही भाड्याचा विषय काढतात. तोवर आपला सगळा भूतकाळ त्यांच्या माडीवर चढलेला असतो आणि जिना त्यांच्या मालकीचा असतो.

आमच्या नात्यातल्या एका लग्नात मुलाकडचे बेळगावच्या शहापूरचे, घरभर अँड्रॉइड. मुलीकडचे कोल्हापूरचे, घरभर आयफोन. अक्षता पडल्या आणि फोटोंची देवाणघेवाण सुरू झाली. आयफोनवाल्यांचे फोटो एअरड्रॉपने आपसांत सरसर फिरू लागले, अँड्रॉइडवाल्यांचे क्विक शेअरने, आणि मधल्या रेषेपाशी दोन्हीकडचे अडले. अलीकडे काही मोजक्या फोनांत या भिंतीला खिडकी पडली आहे म्हणतात, त्या मांडवात मात्र ती नव्हती. मला अंतरपाट आठवला. तोही आडपडदाच, पण धरणाऱ्या दोघांना तो केव्हा सोडायचा हे पक्कं माहीत असतं. कंपन्यांनी धरलेल्या अंतरपाटाची मंगलाष्टकं काही संपत नाहीत, आणि भटजींची तक्रार नाही, कारण दक्षिणा दरमहा मिळते. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट निघाला. फोटो जरा धुरकट पोचले, विहिणीच्या शालूचा जांभळा रंग निळ्याकडे झुकला, पण पोचले. सीमेवरच्या माणसाला स्वच्छ न पोचलेल्यापेक्षा धुरकट पोचलेलं केव्हाही प्रिय.

या सगळ्या जुळवाजुळवीत फोनची एक सवय मला विशेष लोभस वाटते. अधूनमधून तो नावांची यादी चाळतो आणि नम्रपणे विचारतो, ही दोन नावं एकाच व्यक्तीची दिसतात, एकत्र करू का? त्याचं बोट दर वेळी माझ्या मावशीवर असतं. तिच्या फोनमध्ये दोन सिमकार्डं आहेत. दोन सिमांचा फोन ज्याने काढला, तो माझ्या मते दूधगंगेच्या काठचाच असला पाहिजे. एक कार्ड निपाणीचं, एक कोल्हापूरचं, आणि माझ्या यादीत त्यावरून दोन मावश्या. निपाणीच्या नंबरावरून बोलते ती आपल्या घराची धनीण. ‘कवा येतोस? आलास तर राहायच्या बेतानंच ये, चहा पिऊन पळणाऱ्याला मी दार उघडत न्हाई.’ कोल्हापूरचा नंबर लागतो ती मुलाकडे औषधपाण्यासाठी गेलेली असते तेव्हा. मग आवाज अर्ध्यावर येतो. ‘जरा सावकाश बोल, सूनबाई दमून आलीया.’ तक्रार नसते, सुखातच असते, पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डबे कुठे आहेत हे विचारावं लागणाऱ्या बाईचा तो आवाज असतो. फोनच्या मते या दोघी एकच आहेत. हिशेबाने त्याचं बरोबरही आहे. मी ‘नको’ दाबतो. थोड्या दिवसांनी तो पुन्हा विचारतो. चिकाटी त्याच्याकडेही आहे, आणि आमचा सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असल्याने वाट बघण्याची मलाही सवय आहे.

दोन गोष्टी जुळायच्या म्हणजे त्या हुबेहूब सारख्या व्हायला हव्यात, ही यंत्राची समजूत. आमच्याकडे चैत्राच्या पहिल्या दिवशी एका दारात गुढी उभी राहते आणि शेजारच्या दारात युगादीचा कडुनिंब-गूळ वाटला जातो. दोन्ही पंचांगं अमावास्येला महिना संपवतात, म्हणून दिवस शतकानुशतकं चुकलेला नाही, आणि त्यासाठी कुणी कुणाला आपला सण पुसायला लावला नाही. कडुनिंब या घरातून त्या घरात जातो, श्रीखंडाची वाटी उलट दिशेने येते. 2022 च्या डिसेंबरात वाद पेटला आणि दोन्हीकडच्या बसफेऱ्या थांबल्या, तेव्हाही असंच काहीतरी चाललं होतं. गाडी बंद आहे असा निरोप निपाणीहून आला, आणि पाठोपाठ दुसरा आला, की नाक्यापर्यंत चालत ये, तिथून मोटारसायकलवर न्यायला माणूस पाठवलाय. पहिला निरोप दोन्ही सरकारांच्या कृपेने खरा होता. दुसरा त्यांच्या कृपेशिवायही खराच ठरला असता.