रुसलेला अ‍ॅडमिन

व्हॉट्सअ‍ॅप सोडताना टाकायचा निरोपाचा मजकूर मी आधी वहीत कच्चा लिहून काढला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये जो तो झोहोच्या अरट्टई या देशी अ‍ॅपवर निघाला होता. तीन दिवसांत रोजचे नवे सभासद ३ हजारांवरून साडेतीन लाखांवर गेल्याचं झोहोचे श्रीधर वेम्बू सांगत होते. या दिंडीत आमच्या अंतरवाली सराटीचा एकही विचारवंत नसणं बरं दिसलं नसतं.

तसा मला अनुभव दांडगा. जानेवारी २०२१ मध्ये इलॉन मस्कनं ‘सिग्नल वापरा’ एवढंच म्हटलं, मी त्यावर दोन पानं लिहिली. मग मंत्र्यांच्या मागोमाग ‘कू’ अ‍ॅपच्या पिवळ्या पाखरावर गेलो. जुलै २०२४ मध्ये तेही बंद पडलं. मी तिथं होतो हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नसावं.

खरं म्हणजे मला जायचं नसतंच, मला रुसायचं असतं. आमच्याकडं लग्नात रुसायचं शास्त्र आहे. टॉवेल-टोपीच्या यादीत नाव राहिलं की पाहुणा ताडकन उठतो, पण गाडीला किक मारत नाही. आधी चप्पल शोधतो. समोर दिसत असली तरी शोधतो. तेवढ्यात नवरीच्या चुलत्यानं येऊन दंड धरायचा असतो. मग ‘पाणीसुद्धा पिणार नाही’ म्हणत पंगतीला बसायचं आणि बुंदी दोनदा मागून घ्यायची. आमचे एक मामा तर मांडवात शिरतानाच चप्पल जरा लांब काढायचे, शोधायला वेळ मिळावा म्हणून. आणि व्हॉट्सअ‍ॅपनं ऑगस्ट २०२२ मध्ये काय केलं? ग्रुप सोडला तर फक्त अ‍ॅडमिनला कळेल! दंड धरणार कोण?

‘दहावी बॅच’चा अ‍ॅडमिन मीच. म्हणून मजकूर जाहीर टाकला आणि निघालो. त्याखाली लगेच सूर्यफुलासकट ‘शुभ सकाळ’ पडल्याचं पुतण्यानं दाखवलं. अ‍ॅडमिनपद आपोआप ज्याच्याकडं गेलं, त्याचा फोन आठवड्यातून तीनदा बांधावर राहतो.

या अ‍ॅडमिनकीत एक नोंद मात्र माझ्या एकट्याच्याच वाट्याला आली होती. २९ ऑगस्ट २०२३ ला आमच्या गावात मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि ‘वडीगोद्रीजवळ’ असं सांगावं लागणारं गाव देशाला पाठ झालं. जून २०२४ मध्ये वडीगोद्रीतही उपोषण बसलं, ओबीसींचं. ज्यांनी या दोन गावांमधला रस्ता कधी पाहिला नाही, त्यांचे व्हिडिओ आमच्या ग्रुपवर रात्रंदिवस पडू लागले. त्याच दिवसांत वडीगोद्रीचा माझा बाकावरचा सोबती ग्रुपमधून गेला. शिवी नाही, निरोप नाही, कुणाला पत्ता नाही. मला दिसलं. मी अ‍ॅडमिन होतो, एक फोन करायला हवा होता. मी तेव्हा दुसऱ्या एका व्हिडिओला उत्तर लिहीत होतो. चांगलं मुद्देसूद उत्तर होतं.

अरट्टईवर माझ्या फोनमधल्या नंबरांपैकी एकच निघाला. त्याचाच.

‘काय करायलास?’ मी टाकलं.

बऱ्याच वेळानं आलं, ‘यंदा फळगळ लई झाली का तुझी?’

‘माझी नाही, मोसंबीची.’

मग जायकवाडीतून सुटलेलं पाणी, वाहून गेलेले बांध, पंचनामा असं करत रात्रीचे अकरा वाजले. शेवटी त्यानंच विचारलं, ‘ग्रुप काढायचा का इथं?’

‘दोघांचा?’

‘हो. पण या बारीला अ‍ॅडमिन मी.’

मी अजून होकार दिलेला नाही.